माझ्या रक्तावर वाढलेले

४ मार्च २०१६

आले बाई एकदाची औरंगाबादला! गंगापूरच्या जीपमध्ये हालायला जागा नव्हती, तरी मजाच वाटली. आप्पासाहेब सरांनी स्वतः फिरून प्रयोगशाळा दाखवली. काम ऐकून जीव हरखला. रक्त गोठलं की वर जे पिवळसर पाणी सुटतं ते सीरम. त्यात जंतू टाकले की बहुतेक मरतात, पण काही कोडगे मरत नाहीत. कशावर वाढवले की ते असे कोडगे होतात, हे आम्ही शोधायचं. जंतू टँकरच्या पाण्यातले. शहरात दुसरं पाणी आहेच कुठं!

सीरम मात्र आमचंच. दर सोमवारी सगळ्यांनी थोडं रक्त द्यायचं आणि सगळ्यांचं सीरम एकत्र मिसळायचं, हा सरांचा नियम. एकट्याच्या सीरमवर जंतू वाढवायचे नाहीत, ते त्या माणसाला सरावतात, असं त्यांनी बजावलं. सोबत जन्नत आहे, शहरातल्या छावणी भागात राहणारी. खोली तिनंच शोधून दिली. लई मनमिळाऊ वाटली. जूनमध्ये आम्हा दोघींतली एकच कायम होणार. वर्गात कायम पहिली आलेय मी, मला कसली काळजी?

१९ मार्च

नळाला पाणी नाही. हात स्पिरिटनं पुसायचे. बोटांच्या सांध्यांना भेगा पडल्यात. जन्नतनं न मागता व्हॅसलीनची डबी आणून दिली. एवढा गोडवा कशाला, कळत नाही.

आज तिचं काम फळलं. भरपूर खाऊ घालून वाढवलेले जंतू सीरममध्ये पटापट मेले, अर्धपोटी ठेवलेले तगले. सर म्हणाले, व्हय की, दुष्काळातली लेकरं अशीच चिवट असतात. सगळे हसले. मीही हसले, आणि डबा तसाच परत नेला. माझेही जंतू अर्धपोटीच होते की! माझे मेले. हिचेच बरे जगतात!

२ एप्रिल

जळते मी. स्वतःच्या वहीत लिहायला लाज कसली? ती ओढणी सावरत काहीतरी समजावते, सर मान डोलावतात, आणि माझ्या अंगाची लाही लाही होते. तिची अम्मी डब्यात माझ्यासाठी वेगळी पोळी पाठवते. ती खाते आणि आणखी जळते.

आज ठरवलं. अर्धपोटी जंतू थेट सीरममध्येच वाढवायचे. आधी थोडं, वाचले की जास्त, मग आणखी जास्त. पण मिसळलेल्या सीरममध्ये तिचंही रक्त आहे. उद्या माझं नाव झालं तरी त्यात हिचा वाटा? छे! तिचा एक थेंबही नको. खोलीवर स्वतःच्या दंडाला पट्टा आवळून सुई घातली. सरांना सांगितलं नाही.

१७ एप्रिल

जगले! माझ्या सीरममध्ये मरत तर नाहीतच, उलट वाढतात. सरांना वाटतं नेहमीचंच सीरम वापरलंय. म्हणाले, अंबिका, कमाल केलीस पोरी. जन्नतनं सगळ्यांसमोर मिठी मारली. तिचं तोंड उतरायला पाहिजे होतं, उतरलं नाही. निम्मी मजा तिथंच गेली.

२४ एप्रिल

जन्नतनं माझे जंतू तिच्या सीरममध्ये टाकून पाहिले. सगळे मेले. सरांच्या सीरममध्येही मेले. बाजूला घेऊन हळूच विचारलं, तू किसका सीरम लिया था? मी भांडले. माझ्या जंतूंना हात लावायचा नाही म्हणून सांगितलं.

मग एकटीच त्यांच्यापाशी बसले. त्यांना दुसऱ्या कुणाचं चालत नाही, फक्त माझं चालतं. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

फ्लास्क हातात धरला की गढूळपणा माझ्या तळव्याच्या बाजूला जमतो. फिरवून पाहिला. पुन्हा तळव्याकडंच आला.

२९ एप्रिल

काल फ्लास्कमधून ओघळ आला. नळ कोरडा, स्पिरिट संपलेलं. ओढणीला हात पुसला. भेगेत चुरचुरलं.

आज बोट सुजलंय. अंग कसकसतंय.

३ मे

बाहेर आग ओतल्यासारखं ऊन आणि मी गोधडीत कुडकुडतेय. डॉक्टर टायफॉइड म्हणाले. जन्नत कपाळावर पट्ट्या ठेवत बसली होती. ते जंतू अंगात गेलेत का, म्हणून विचारलं. सांग, म्हणाली, त्यांना कोणतं औषध मारतं ते आजच बघून दवाखान्यात कळवू. नाही म्हटलं. खरं सांगितलं तर माझी लबाडी उघडी पडणार, जूनची जागा तिला जाणार. तिला? मेले तरी नाही.

५ मे

दवाखाना. बोट काळं. लाल रेघ कोपरापर्यंत — रक्त घेतलं. नळी शेजारीच ठेवली होती. वर पिवळं पाणी सुटलं — त्यात ढग. नर्सनं नळी उचलली तसा ढग काचेच्या माझ्याकडच्या अंगाला —

औषध लागू पडत नाही म्हणतात.

७ मे

डाव्या हातानं लिहितेय. दारात सर आणि जन्नत. ती बोलतेय, सर मान डोलावताहेत. अजूनही तिच्याकडंच बघून —

नाही सांगणार.

८ मे

सांगते. मरायचं नाही मला. जागा तिला घेऊ दे. बोलावलं तिला.

ती खाटेजवळ आली की अंगातलं सगळं भिंतीकडं सरकतं. त्यांनाही ती नको आहे. माझ्यावर वाढलेत — माझ्यासारखेच —

तोंड उघडलं. जीभ हलेना. लिहून दाखवते. जन्नत, माझंच सीरम होतं, फक्त माझं, सरांना सांग, ते जंतू —

वही घ्यायला हात पुढं केलाय तिनं. माझा सुजलेला हात तिला ढकलतोय. जन्नत, जाऊ नको. मी नाही ढकलत. मी ना