हरवलेल्या जावयाविषयी खुलासा

तीर्थस्वरूप वन्सं यांना,

धाकट्या भावजयीचा खाली वाकून नमस्कार. तुमची कंबर कशी आहे? भावोजी कसे आहेत? हा दुसरा प्रश्न मी उगाच रीत म्हणून विचारत नाही. मंगळवारी मामंजींनी तुम्हाला फोन केला आणि "जावई कालपासून घरी आला नाही, बहुतेक संपला," एवढंच बोलून ठेवून दिला, हे मला फार उशिरा कळलं. भावोजी शेजारी पिशवी धरून उभे असतानाही तुम्हाला भर बाजारात रडू फुटलं, आणि "अगं, मी इथेच आहे" असं त्यांनी तीनदा सांगूनही तुमचा जीव भांड्यात पडला नाही, हेही कळलं. म्हणून हा खुलासा.

जावई म्हणजे मामंजींचं शर्यतीचं कबूतर. गच्चीवरच्या ढाबळीत पंधरा कबुतरं होती, त्यातला हा सगळ्यात लाडका. पहिल्यापासून निवडक दाणे खायचा, वरच्या फळीवर एकटाच बसायचा आणि घरच्यांशी बोलायचा नाही, म्हणून मामंजींनी हे नाव ठेवलं. (भावोजींचा याच्याशी काही संबंध नाही, असं मामंजी शपथेवर सांगतात. मी आपलं जसंच्या तसं कळवते.)

आता जे मी तुमच्या भावालाही नीट सांगितलेलं नाही, ते तुम्हाला सांगते. आमच्या चष्म्याच्या दुकानासमोर चर्चचा मनोरा आहे, आणि त्यावरच्या घड्याळाच्या खालच्या कठड्यावर बहिरी ससाण्यांच्या जोडीनं घर केलं आहे. (नाव बहिरी असलं तरी तिला सगळं ऐकू येतं. मामंजींना ते पटत नाही, म्हणून ते तिला शिव्या ओरडून देतात.) त्यांना तीन पिल्लं झाली. निवृत्त झालेल्या भूगोलाच्या बाईंनी पहारा सुरू केला आणि आमच्या मालकांनी दुकानातली मोठी दुर्बीण दारात मांडून दिली. पिल्लांना खायला कोण, कधी, काय आणतं ते वहीत लिहायचं. जेवणाच्या सुट्टीतला, एक ते दोनचा पहारा माझा. घरी मी काय सांगितलं होतं, तर दुकानात काम वाढलंय. सांगणार तरी काय, वन्सं? सासऱ्यांनी कबुतरं पाळावीत आणि सुनेनं कबुतरं खाणारीची बाळंतिणीसारखी काळजी घ्यावी, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

सोमवारी एक वाजून वीस मिनिटांनी मादी कठड्यावर उतरली. पायात कबूतर होतं. मी नेहमीसारखी दुर्बीण जुळवली. कबुतराच्या डाव्या पायात हिरवी कडी होती. हिरव्या कड्या या गावात एकच माणूस घालतो आणि तो माझ्या हातची आमटी जेवतो. मी वहीत लिहिलं, 'कबूतर, एक.' कडीचा रंग लिहिला नाही. आजवर त्या वहीत मी चिमणीसुद्धा खोटी लिहिलेली नाही, पण त्या दिवशी पेन पुढे सरकेना.

संध्याकाळी घरी आले तर मामंजी गच्चीवर दाण्यांचा डबा खुळखुळवत उभे. "वारा उलटा आहे, उशीर होणारच," असं मलाच समजावत होते. मी "हो" म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते जेवले नाहीत. बुधवारी मला म्हणाले, "तुझं अक्षर चांगलं आहे, चार कागद लिहून दे." आणि वन्सं, मी लिहून दिले! 'जावई हरवला आहे. डोळे लाल, मान हिरवट, चाल ऐटबाज. डाव्या पायात कडी. दिसल्यास दाणे टाकून थांबवून ठेवावे.' खाली आपला पत्ता. चारही कागद विजेच्या खांबांवर लागले. तेव्हापासून बेकरीवाला मला पाव देताना मान खाली घालतो, आणि समोरच्या इमारतीतल्या बाई विचारून गेल्या की पायात कडी घालायची वेळ का आली. मला मात्र हसू येत नव्हतं. एकेक कागद लिहिताना मी मारेकऱ्याची साथीदार आहे असं वाटत होतं.

गुरुवारी दीड वाजता मी दुर्बिणीला डोळा लावून वाकलेली, आणि मागून आवाज आला, "इथे काचेवर एक कागद लावू का?" मी वळले. मामंजी! हातात पाचवा कागद. (तो त्यांनी स्वतः लिहिला होता, त्यात 'ऐटबाज' दोनदा होतं.) त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दुर्बिणीकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं. मग अगदी शांतपणे म्हणाले, "बघू दे मला." मी बाजूला झाले नाही. वन्सं, लग्नाला अकरा वर्षं झाली, मी कधी त्यांच्या वाटेत उभी राहिले नव्हते.

पुढे काय झालं असतं ते मला माहीत नाही, कारण तेवढ्यात रस्त्यावर ओरडा झाला. पंख फडफडवून पाहणारं एक पिल्लू कठड्यावरून घसरलं, भिंतीला दोनदा आपटलं आणि बरोबर बसच्या वाटेत येऊन पडलं. बस थांबली, मागची वाहनं ओरडू लागली, गर्दी जमली आणि कुणीही पुढे होईना. पिल्लू पाठीवर पडून नख्या उगारत होतं आणि वरून त्याची आई एकेकाच्या डोक्यावर झेपावत होती. असं काही झालं तर काय करायचं याचा तक्ता भूगोलाच्या बाईंनी स्वतः बनवला होता, पण त्या नुसत्याच "कापड! कापड!" म्हणत राहिल्या.

मामंजींनी अंगातला कोट काढला, पिल्लावर टाकला आणि ते उचललं. एका हातात पाय, दुसऱ्यात पंख, जसं रोज धरतात तसं. पंखांवरून अंगठा फिरवला. "मोडलेलं नाही," म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "वर कुठून जातात?"

एकशे अठ्ठावन्न पायऱ्या, वन्सं, आणि मामंजींचं वय एकाहत्तर. फादर किल्ली घेऊन पुढे, मामंजी मध्ये, मागे मी. माझ्या हातात डोळे तपासायच्या अक्षरांचा लाकडी तक्ता होता, कारण ढाल म्हणून दुकानात तेवढंच सापडलं. मामंजी दर वळणावर थांबून धापा टाकत, पण कोटातली पकड सैल होऊ देत नव्हते. वरची झडप उघडून फादर खाली सरकले, आणि बहिरी अंगावर आली. मी तक्ता त्यांच्या डोक्यावर धरला. तिनं पहिल्या मोठ्या अक्षरावर असा ओरखडा काढला, की 'क'चा 'फ' झालाय, आणि मालक दोन दिवस गिऱ्हाइकांना उगाच चष्मे लावत सुटलेत.

खरी पंचाईत पुढे होती. मामंजी बाहेर वाकले की कठड्यावरची बाकीची दोन पिल्लं मागे सरकत, आणि मागे म्हणजे खाली रस्ता. म्हणून ते अर्धे बाहेर, अर्धे आत, तसेच गोठून राहिले. मी त्यांचा पट्टा धरला होता. बहिरी दोनदा तक्त्यावर आदळली. आणि तेव्हा मला दिसलं, की मामंजींचे डोळे पिल्लांवर नाहीत. हातभर अंतरावर, पिसांच्या पसाऱ्यात, हिरवी कडी पडली होती. वाळलेल्या पायासकट.

ते हलले नाहीत. पिल्लाची मान त्यांच्या दोन बोटांमध्ये होती. नुसती बोटं मिटली असती तर कुणाला कळलंही नसतं. फादर खालून विचारत होते, "ठेवलं का?" मी पट्टा घट्ट धरून राहिले. बोलायचा हक्कच मला उरला नव्हता. मामंजींच्या मानेवरून घाम ओघळत होता. कितीतरी वेळानं दोन्ही पिल्लं भिंतीकडे सरकली. मामंजींनी हात लांब केला, तिसरं त्यांच्याशेजारी अलगद ठेवलं, कडी उचलली आणि बहिरीकडे बघून म्हणाले, "घे बाई, सांभाळ." पहिल्यांदाच हळू आवाजात.

साठेक पायऱ्या उतरल्यावर ते बसले.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"सोमवारपासून."

"आणि कागद लिहून दिलेस?"

"दिले."

बराच वेळ ते कडी पुसत राहिले. "वहीत काय लिहिलंस?"

"कबूतर, एक."

"असं लिहितात होय?" म्हणाले. खाली येऊन त्यांनी वही मागून घेतली, माझी ओळ खोडली आणि वर सावकाश लिहिलं, 'जावई. वय सहा वर्षं. चारशे किलोमीटरची शर्यत दोनदा जिंकलेला.' भूगोलाच्या बाई म्हणाल्या, रकान्यात एवढं बसत नाही. मामंजी म्हणाले, "मग रकाना वाढवा." मी दुकानाच्या मागच्या खोलीत काच घासायच्या यंत्रापाशी जाऊन रडून घेतलं. यंत्र चालू ठेवलं होतं, म्हणून कुणाला ऐकू गेलं नाही.

भावोजींना नमस्कार, मुलांना पापा. कंबरेला शेक देत जा.

तुमची,
भावजय

ता. क. पिल्लं उडून जायला अजून पंधरा दिवस आहेत. तोवर उरलेली चौदा कबुतरं इथे ठेवणं मामंजींना धोक्याचं वाटतं आणि तुमची गच्ची मोठी आहे. कृपा करून चारी बाजूंनी जाळी लावा आणि दार उघडू नका. ती शर्यतीची कबुतरं आहेत. सुटली तर दोन तासांत इथे, थेट तिच्या ताटात, हजर होतील.

ता. क. २. कबुतरांसोबत मामंजी येणार होते, पण आता येत नाहीत. एक ते दोनचा पहारा त्यांनी माझ्याकडून काढून घेतला आहे. माझ्या नोंदींवर त्यांचा भरवसा नाही.

ता. क. ३. तुमची हरकत नसेल असं धरून टेम्पो आज सकाळीच रवाना करत आहे. पत्र त्याच टेम्पोवाल्याच्या हाती देत आहे, तेव्हा तो अजून दारात उभा असेल. त्याला पाणी विचारा आणि टोपल्या आधी सावलीत घ्या.