त्याला कुणी विचारत नाही

मंगळवार, संध्याकाळ. लातूर, हॉस्टेल.

आजही मेसमध्ये एकटीच जेवले. प्राची माझी गावाकडची, चाकूरपासूनची मैत्रीण. तिनं मला मैत्रिणींच्या ग्रुपमधून काढलं तेव्हापासून माझ्या शेजारची खुर्ची रिकामीच असते. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "तू लई उदास राहतीस." बस्, एवढंच.

क्लास सुटल्यावर माझा जुळा भाऊ शिवराज भेटला. तो मुलांच्या हॉस्टेलात राहतो. त्याच्यासमोर रडलेच. त्या खुर्चीचंही सांगितलं. खुर्ची काय सांगायची गोष्ट आहे? पण तीच सलते.

तो हसला नाही. म्हणाला, "तुला रडता तरी येतंय. मी रोज पोरांसंगं क्रिकेट खेळतो, हसतो. रूमवर आलो की भिंतीकडं तोंड करून पडून राहतो. कुणाला सांगू? पोरं चिडवतील."

एवढे मित्र असून? मला वाटायचं, एकटी मीच आहे.

आत्ता आईचा फोन आला. नेहमीसारखं मलाच विचारलं, "रडली नाहीस ना?" त्याला ती फक्त मार्क विचारते. मी म्हटलं, "शिवराजला विचार, कसा हाय ते."

"त्याला काय झालंय? पोरगा हाय त्यो."

"म्हणूनच विचार."

मग आई म्हणाली, "लावते त्याला."

तो बोलेल का तिच्याशी? का "बरा हाय" म्हणून ठेवून देईल?