डांबरावर ओढलेला छोटा दांडा

आप्पा, आम्ही चारही चाकं ओढणारी गाडी घेतली. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली, तरी शोरूममधून बाहेर पडताना पहिली आठवण तुमचीच आली. हिच्यात तुमच्या जीपसारखा गिअरशेजारचा छोटा दांडा नाही. एक गोल बटण आहे, ते फिरवायचं. नाही फिरवलं तरी कुठल्या चाकाला किती जोर द्यायचा ते गाडी स्वतःच ठरवते. नाशिकच्या द्वारका सर्कलला मी ती भर रस्त्यात पूर्ण वळवली. टायर कुरकुरले नाहीत, खालून काही अडखळलं नाही. नवरा म्हणाला, "बघ, कशी लोण्यासारखी वळते." जे मी तुमच्या जीपचं केलं, ते या गाडीत घडूच शकलं नसतं, एवढंच मनात आलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी कॉलेजात होते आणि तुमच्या गॅरेजात ती यायला लागली होती. पेठ तालुक्याकडच्या डोंगरातली, साधारण माझ्याच वयाची. पाड्यापाड्यांवर डॉक्टर नेणाऱ्या एका संस्थेला जीप चालवणारी बाई हवी होती, म्हणून त्यांनी तिला तुमच्याकडे शिकायला पाठवलं. मी कितीदा म्हटलं होतं, मलाही जीप शिकवा. "तुला कशाला? स्कूटर आहे ना तुझी." विषय संपला. पुढे एका मैत्रिणीच्या भावाकडून मी साधी गाडी शिकले, ते तुम्हाला सांगितलंही नाही. आणि ती मात्र आपल्या स्वयंपाकघरात, माझ्या पाटाशेजारच्या पाटावर बसून जेवते, आणि तुम्ही आईला सांगताय, "हिला चिखल कळतो गं. चाक कधी सुटणार ते हिच्या पायाला आधी कळतं." आई तिला आणखी एक भाकरी वाढते. माझा घास तोंडात फिरत राहतो.

एकदा मी हट्टाने मागच्या सीटवर बसून आले होते. घोटीजवळच्या भातखाचरांत गुडघाभर चिखल. तुम्ही तिला समजावत होता, की दांडा ओढला की पुढची आणि मागची चाकं एकमेकांना बांधली जातात; चिखलात ती थोडी घसरतात, म्हणून चालून जातं. "पण डांबरावर वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी. तिथं घसरायला जागा नाही. सगळा ताण आतल्या गिअरवर येतो. डांबर लागलं की आधी दांडा काढायचा. काय?" ती म्हणाली, "काढायचा, काका." मीही ते ऐकलं होतं. पण ते तिला सांगितलेलं होतं, माझ्यासाठी नव्हतं.

मग तो रविवार. तुम्ही घोटीतच कामासाठी थांबलात आणि तिला एकटीला जीप घेऊन नाशिकला पाठवलंत. एकटीला! दुपारी तिनं जीप गॅरेजसमोर लावली, किल्ली माझ्या हातात दिली आणि तोंड भरून हसली. "एकदा पण बंद नाय पडली." ती बस पकडायला गेली आणि मी जीपमध्ये बसले. पूल ओलांडून पंचवटीत शिरले. तिच्यासारखं सगळं करायचं होतं मला, म्हणून छोटा दांडाही ओढला. सरळ रस्त्यावर काही कळलं नाही. बाजाराच्या गल्लीत वळताना स्टिअरिंग दगडासारखं झालं, टायर किंचाळले, भाजीवाल्या बायका बघायला लागल्या. मी रागाने ॲक्सिलरेटर दाबला. खालून कडाड आवाज आला. दांडा हातात सैल पडला. मागच्या चाकांवर, खरखर करत, कशीबशी घरी आणली आणि होती तिथेच लावली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही खालचं तेल काढलंत, त्यात पोलादाचे तुकडे निघाले. तिला विचारलंत, "डांबर लागल्यावर दांडा काढला होतास?" "काढला व्हता, काका. घोटीतच काढला." तुम्ही तिच्या तोंडाकडे बघत राहिलात. चिडला असता तर बरं झालं असतं. नुसतं म्हणालात, "चूक झाली तर झाली, खोटं बोलू नये." मी दारात उभी होते. संस्थेला तुम्ही कळवलंत की ही अजून तयार नाही. त्यांनी एक पुरुष ड्रायव्हर ठेवला आणि ती हिवाळाभर दिंडोरीकडे द्राक्षबागेत मजुरीला गेली. वर्षाने तुम्ही स्वतः तिच्या पाड्यावर जाऊन तिला परत आणलंत, शिकवणी पुरी केलीत. तिला ते काम मिळालं. अजूनही ती तेच करते.

गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेले. माफी मागायला, असं मी स्वतःला सांगत होते. पण नवीन गाडी घेऊनच गेले. पाड्याच्या अलीकडच्या चढावर लाल माती ओली होती. गाडीचा सगळा शहाणपणा तिथे संपला. फिरणारं चाक ती आपणच ब्रेक लावून धरायची, जोर दुसऱ्या चाकाला द्यायची, डॅशबोर्डवर दिवे लुकलुकायचे, आणि आम्ही तिथल्या तिथे. ती चालत खाली आली. केस कानाजवळ पांढरे झालेत. तिनं आधी टायर पाहिले. "टायर तर रोडचं हाय. यंत्र कितीबी हुशार असू दे, मातीला टायरच लागतंय." तिनं चारी चाकांतली हवा कमी केली, मदत करणारं ते यंत्र बटण दाबून बंद केलं, आणि एका दमात, न थांबता, गाडी वर नेली. मी बाजूच्या सीटवर बसले होते. इतक्या वर्षांनी पुन्हा तशीच जळले.

वर पोचल्यावर मी सांगून टाकलं. पंचवटी, गल्ली, दांडा, सगळं. ती बराच वेळ हात पुसत राहिली.

"काकांना सांगितलंस कधी?"

"नाही."

"मंग आता मला सांगून काय व्हनार?" मग तीच म्हणाली, "त्यांना ठावं व्हतं, भाजीवाल्या बायांकडून कळलेलं. मला न्यायला आले तवा म्हनले, तू खरं बोलली व्हतीस, घरातलंच कोनीतरी हाय. पन मी तिला इचारनार नाय. तिनं आपनहून सांगावं." आणि तुम्ही तिच्या ओट्यावर बसून रडलात, असंही म्हणाली.

म्हणजे त्यानंतर माझं लग्न होईपर्यंतची तीन वर्षं तुम्ही रोज माझ्यासमोर जेवायला बसत होता आणि वाट बघत होता. परतीच्या वाटेवर घाट उतरताना पाऊस लागला. चारही चाकांनी रस्ता धरला होता, तरी मी हळूच आले. ओल्या डांबरावर थांबायला ही गाडीही इतर गाड्यांइतकाच वेळ घेते, हे मला कळतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून खरं लिहिते. ते ऐकून मला लाज वाटायला हवी होती, आप्पा. वाटलीही, पण नंतर. आधी एवढंच वाटलं, की तुम्ही रडलात ते तिच्यासमोर.