सातचा थेंब

मंगळवार, दिवेलागण

डोळ्यात घालायचा सातचा थेंब चुकला. एक गालावर पडला, एक नाकावर. शेफाली एका दमात घालायची. "काकू, वर बघा. हलायचं नाही!"

वरच्या खोलीतले माझे भाडेकरू, निमाई आणि त्याची बायको शेफाली, आज दुपारी नाशिकरोडहून बंगालला गेले. तिच्या पित्ताशयात खडे आहेत. गेल्या आठवड्यात माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन केंद्र सरकारच्या आरोग्य कार्डावर फुकट झालं, म्हणून मीच मोठ्या तोऱ्यात तिला त्या दवाखान्यात नेलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजी, यांचं कार्ड यांच्या राज्याचं आहे, इथे चालत नाही. केंद्राची योजना यांच्या सरकारनं घेतलीच नाही."

मी त्या मुलीवरच खेकसले. तिचा काय दोष? सरकारांनी आपापसात भांडायचं आणि शेफालीनं पोट धरून दीड दिवस गाडीत काढायचा!

निमाई सोनारकाम करतो. त्याच्या हातोडीच्या टकटकीवरून मी जिन्यातून कितीदा ओरडले असेन. "परत येणार ना?" विचारलं, तर म्हणाला, "बघू, काकू." खोलीची किल्ली मात्र माझ्या हातात ठेवून गेला. परत येणारा माणूस किल्ली देतो का?

आत्ता पुन्हा बाटली घेतली. मान मागे टाकली, वर बघितलं, हलले नाही. वर काहीच वाजत नव्हतं. थेंब या वेळी बरोबर डोळ्यात पडला, तरी मी बराच वेळ तशीच वर बघत बसले.