ऑरिनच्या पिस्तुलाचं बुश

सोमवार, ४ मार्च

आज ऑरिन माझ्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानात आला. पिस्तूल टेबलावर ठेवलं – त्याचं ते पंचेचाळीस बोअरचं, ज्याच्यावर आख्ख्या ओहायोत नेमबाजीच्या स्पर्धा मारल्या. नळीच्या तोंडाचं बुश, नळी घट्ट धरणारी ती कडी, ढिलं झालंय म्हणे, नवीन बसव. शनिवारच्या स्पर्धेआधी देतो म्हटलं, तर म्हणाला शनिवारी येत नाही. कॉफी न घेताच गेला.

बायकोला, डेल्फीनला पुरल्यापासून तो नेमबाजीच्या क्लबाकडे फिरकलेला नाही. मग बुश कशाला हवंय?

मंगळवार, ५ मार्च

नवीन बुश जाडच येतं. कानशीनं जरासं घासायचं, पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या स्लाइडमध्ये घालून बघायचं, पुन्हा घासायचं. हातानं दाबून फिरलं पाहिजे, पण खुळखुळता कामा नये. एक हात जास्त पडला की गेलं कामातून! एरवी या कामात मी जेवण विसरतो. आज चार वेळा उठलो. उगाच दार उघडून रस्त्यावर बघून आलो.

बुधवार, ६ मार्च

माझी बायको नोरीन त्याच्याकडे जेवणाचा डबा देऊन आली. त्यानं कुत्रा बहिणीकडे धाडला म्हणे. डेल्फीनचीच नाही, स्वतःची जाड जाकिटंसुद्धा चर्चला देऊन टाकली. अजून बर्फ पडतंय, आणि जाकिटं दिली?

गुरुवार, ७ मार्च

बुश जवळजवळ बसलं. शेवटचा हात मारला नाही.

शुक्रवार, ८ मार्च

ऑरिनला फोन केला, खोटं बोललो. माप चुकलं, दुसरं मागवतोय, वेळ लागेल. तो फक्त "बरं" म्हणाला. एरवी माझी सालटीच काढली असती.

दिवसभर कानस उचलली, ठेवली. शेवटी नोरीनला सगळं सांगितलं. ती म्हणाली, किती दिवस घासत बसणार आहेस? सरळ विचार त्याला.

"असं कसं विचारायचं माणसाला?"

"तोंडानं."

शनिवार, ९ मार्च

त्याच्या दारापर्यंत गेलो. आत दिवा होता. गाडीत बसून राहिलो, आणि परत आलो. चाळीस वर्षांची दोस्ती, आणि एक प्रश्न तोंडातून निघत नाही! नोरीननं माझं जाकीट खुंटीला टांगलं नाही, खुर्चीवरच हाताशी ठेवलं.

रविवार, १० मार्च

विचारलं. त्याच्या स्वयंपाकघरात, उभ्यानंच. "ऑरिन, जीव द्यायचं मनात येतं का रे?"

त्यानं सिंकमधला कप विसळून पालथा ठेवला. मग म्हणाला, "येतं. म्हणून तर ते तुझ्याकडे आणून टाकलं. बुश काय, निमित्त. म्हटलं, तू विचारशील."

डॉक्टरला फोन त्यानंच लावला, मी शेजारी बसलो. आत्ता तो आमच्याकडे जेवतोय.