न फोडलेल्या पुड्या

७ जुलै, सोमवार
डायलिसिसवरच्या नानांचा रिपोर्ट आला. काविळीच्या लसीचे चारही डोस झाले, तेही दुप्पट मात्रेचे, आणि अँटिबॉडी जवळजवळ नाहीतच. डी व्हिटॅमिन पण पार तळाला. नाशिकच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलंय, लस लागू पडल्याशिवाय किडनी बदलायचं बोलणं नको. किडनी देणार नानांचा मुलगा, भटू. म्हणजे सगळंच अडकलं.

भटूच्या बायकोला, रेखाला, घरातली सगळी औषधं घेऊन यायला सांगितलं होतं. साक्रीकडून येते ती, सोमवार-गुरुवार सासऱ्याला घेऊन. तिने पिशवीतून बिस्किटाचा डबा काढला. आत डीच्या पुड्या, आठवड्याला एक द्यायच्या होत्या त्या. एकही फोडलेली नाही.

"दूधमा देवानी व्हती ना. दूधच बंद शे, मंग कसामा देऊ?"

दुधातून द्या, हे मी सांगितलं होतं. दूध, ताक, केळी बंद, हेही मीच. प्रत्येक डायलिसिस पेशंटला पोपटासारखं म्हणते. (माहेर फैजपूरचं, केळीच्या बागांतलं, आणि दिवसभर केळी बंद!) नुसत्या पाण्यातून, भाकरीच्या घासाबरोबर, कशीही चालली असती. रेखाने माझ्याकडे पाहिलं. मी नानांच्या सुईवर चिकटपट्टी लावत बसले. आमचे डॉक्टर तिला म्हणाले, "काय हा अडाणीपणा. विचारायचं तरी."

भटू दारातच होता. आत येऊन तिच्या कानाखाली अशी दिली की तिचं डोकं खाटेच्या दांड्यावर आपटलं. मग केस धरले. ओठ फाटला होता. माझ्या हातात स्टीलचा ट्रे होता, तोच त्याच्या तोंडावर हाणला. दोनदा. नाक फुटलं त्याचं. वॉर्डबॉयने ओढून नेला.

नंतर सगळे, सिस्टर, मानलं तुम्हाला. कुणीतरी चहा आणून दिला. मी तो प्यायले पण.

१० जुलै, गुरुवार
रेखाच्या मनगटाला प्लास्टर. कुणी विचारलं की "बैलनी मारं." मी बाजूला नेऊन विचारलं तेव्हा म्हणाली, "तुम्हीन त्याले बठ्ठासमोर मारं ना ताई. मंग घर जाईसन..." सगळ्यांसमोर खाल्लेल्या माराचं उट्टं त्याने घरी काढलं.

आणि मला राग कुणाचा यावा? तिचा. पुडी कशातून द्यायची, तेव्हाच का नाही विचारलंस मला, बाई. एवढा राग आला की सिरिंजचा अख्खा डबा खाली आपटला. उचलताना स्वतःचीच लाज वाटली.

डॉक्टरांना विचारलं, डी भरलेलं असतं तर लस लागू पडली असती का? म्हणाले, किडनीच्या पेशंटला तशीही कमीच लागू पडते. डीमुळेच, असं छातीठोक सांगता येणार नाही. पण भरलेलं असतं तर कदाचित. त्या 'कदाचित'वर रेखाचं हाड मोडलंय.

१४ जुलै, सोमवार
मशीन चालू असताना नानांना काचेतून बाहेरचं दिसतं. बाहेर भटू रेखाचा तोच हात पिरगाळत होता, प्लास्टरसकट. नाना ओरडले, "तिले सोड, नही त मी आठेच मरस," आणि सुई उपसली. रक्ताची चिळकांडी उडाली. माझ्या तोंडावर, भिंतीवर, शेजारच्या खाटेवरच्या आबांच्या पांघरुणावर. मशीन कोकलतंय, मी दोन्ही अंगठ्यांनी भोक दाबून धरलेलं. वीस मिनिटं तरी. बोटं बधिर झाली.

नाना डोळे मिटून म्हणाले, "मना पायी पोरना हात मोडना."

तुमच्यामुळे नाही नाना, माझ्यामुळे. ओठावर आलं होतं. गिळलं. पगार, नोकरी, डॉक्टर काय म्हणतील... भित्री आहे मी. ट्रे हाणायला काय लागतं.

१५ जुलै, मंगळवार
डॉक्टरांनी ठरवलं, नानांची लस पहिल्यापासून. पुडी आता इथेच द्यायची, माझ्या हाताने.

१७ जुलै, गुरुवार
नाना आले, भटूच्या टेम्पोतून. रेखा नाही. "रेखा कुठंय?" म्हटलं तर नानांनी तोंड भिंतीकडे केलं. पुडी पाण्यात कालवून दिली, निमूट प्यायले. लस टोचली.

नानांना मशीनवर घेतलं, दुसऱ्या सिस्टरला लक्ष ठेवायला सांगितलं आणि बाहेर गेले. भटू टेम्पोच्या पायरीवर बसला होता. नाक अजून सुजलेलं. उभ्या उभ्या सांगून टाकलं. "भटूभाऊ, पुड्यांचं रेखाचं चुकलं नाही. दुधातून द्या मीच सांगितलं, दूध बंदही मीच. डॉक्टर तिला बोलले तेव्हा मी गप्प बसले. मारायचं तर मला मारा."

त्याने वर पाहिलंच नाही.

"माले माहीत शे. तिनी पहिलाच दिन सांगं."

"मग तिला का मारता?"

"तुमले हात लावा त नानानं मशीन बंद पडी जाई."

सरळ सांगितलं, भाव सांगावा तसं. रेखा कुठंय विचारलं. "घर."

२० जुलै, रविवार
रेखाचा फोन बंद. कालपासून सात वेळा लावला.

पोलिसांचा नंबर कागदावर काढून ठेवलाय. लावला तर भटू आत जाईल, आणि नानांना द्यायची किडनी त्याच्या पोटात आहे. नाही लावला तर रेखा त्याच घरात. पुड्यांची चूक माझी, हे डॉक्टरांना अजून सांगितलेलं नाही, तेही आहेच.

उद्या सोमवार. नाना आठला येतील. रेखा सोबत आली तर तिला विचारून नंबर लावीन, नाही आली तर न विचारताच.