कोबीशेजारचा चेलो

प्रिय ताई,

तुला वाकून नमस्कार (गुडघा अजून कुरकुरतो, म्हणून मनातल्या मनात वाकले आहे, पोचला असं समज). तुझी तब्येत कशी आहे? भावोजींची नवी कवळी बसली का, की अजून खिशात घालूनच फिरतात? इकडे सगळं ठीक. ह्यांचं ब्लडप्रेशर आटोक्यात आहे, कारण पुढचं सगळंच काही मी त्यांना सांगितलेलं नाही.

तर झालं असं, की आम्हाला घरात एक चेलो हवा होता. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, खुर्चीवर बसून गुडघ्यांत धरून वाजवायचा. आमच्या धाकटीला संगीताच्या क्लासला सोडायला जाते ना, तिथे शेजारच्या खोलीत तो पहिल्यांदा पाहिला आणि मनातून जाईना. दुकानात किंमत विचारली आणि ती ऐकून दुकानदाराकडे प्यायला पाणी मागितलं. मग घरी येऊन इंटरनेटवरच्या लिलावात शिरले.

तिथे एक चेलो अगदी स्वस्तात होता. मागे मखमली पडदा, बाजूने पडलेलं ऊन, बघतच राहावं असा फोटो. विकणारे गृहस्थ स्वतःला सर्जन म्हणवत होते आणि परदेशी बदली झाल्याने फार घाईत होते. मी बोली लावली. लगेच कोणीतरी वर बोली चढवली. मी पुन्हा, तो पुन्हा. मी इरेला पेटले (भाजीवाल्याशीसुद्धा मी कधी माघार घेत नाही, तुला माहीत आहे). तेवढ्यात हे चष्मा कपाळावर चढवून मागून डोकावले आणि म्हणाले, "तुझ्याशी झुंजतोय ना, तो फक्त या सर्जनच्याच वस्तूंवर बोली लावतो." पाहिलं तर खरंच. भाव चढवायला सर्जननेच बसवलेला माणूस, किंवा तो स्वतःच.

त्यावर कोणीही शहाणी उठली असती. मी बसून राहिले. कारण सर्जनचा निरोप आला, की साइटची दलाली कशाला भरता, पैसे थेट माझ्या खात्यात टाका, आणखी कमी करतो. ताई, खोटं कशाला सांगू, माझं बोट बटणावर गेलं होतं. दुसऱ्या हातात चिरायला घेतलेला कोबी होता. काय सुचलं कोण जाणे, कळवलं की चेलोशेजारी एक कोबी ठेवून फोटो पाठवा, मग पैसे. फोटो आला. तोच पडदा, तेच ऊन, आणि अधांतरी तरंगणारा कोबी, त्याची सावली उलट्या बाजूला. धाकटीने मूळ फोटोही शोधून काढला. तो चेलो एका संग्रहालयात काचेच्या कपाटात आहे. साइटवाल्यांना कळवलं, त्यांनी सर्जनचं खातं बंद केलं. मी मात्र हिरमुसले. असली वस्तू आपल्या नशिबात नाही, असं वाटायला लागलं.

मग एक बाई सापडल्या. हौशी वाद्यवृंदात वाजवायच्या, आता बोटांचे सांधे सुजतात म्हणून वाद्य विकताहेत. फोटो अंधारे, मागे इस्त्रीचं टेबल, पण मागच्या बाजूची चीर मात्र जवळून दाखवलेली. साइटवर जुनं खातं, आधीच्या गिऱ्हाइकांचे चांगले शेरे. तरी ताक फुंकून पिणाऱ्यातली मी, व्हिडिओ कॉल मागितला. त्यांनी उलट माझीच उलटतपासणी घेतली, कारण त्यांना एका गिऱ्हाइकाने पैसे भरल्याची खोटी पावती दाखवली होती. दोघीही चेहरा दाखवायला तयार नव्हतो, त्यामुळे बराच वेळ एकमेकींची छतं बघत बोललो. त्यांच्या छताचे पोपडे पाहून मला जरा धीर आला.

मग त्यांनी फोन खाली टेकवला आणि वाजवलं. एवढ्याशा स्पीकरमधूनही तो सूर खोलीभर झाला. ह्यांनी टीव्हीचा आवाज आपणहून कमी केला (लग्नानंतर पहिल्यांदाच).

"वाजवणार कोण?" बाईंनी विचारलं. मी दुसऱ्या खोलीत जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "वाद्य तुम्हालाच मिळावं असं वाटतंय. पण बोली साइटवरच लावा आणि पैसेही तिथूनच. तुम्ही आवडलात, विश्वास अजून बसायचाय." इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. शेवटची बोली माझीच ठरली. पैसे साइटकडे आहेत, वाद्य तपासून आपण हो म्हटलं की बाईंना मिळतील.

भावोजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी बहीण

ता. क. बाई तुझ्याच गावात राहतात, पोस्टाच्या मागे. कुरियरवर त्यांचा भरवसा नाही. तू जाऊन चीर, तारा आणि आतलं लेबल बघ, आणि चेलो घेऊन इकडे ये. गाडीत त्याचं वेगळं तिकीट काढ, खिडकीजवळचं. भावोजी नंतर आले तरी चालतील.

ता. क. दुसरा. ह्यांना वाटतं चेलो धाकटीसाठी आहे. ती बासरी वाजवते आणि तिला ती पुरते. शिकणार मी आहे. बाईंनीही पन्नाशी उलटल्यावरच सुरुवात केली होती, हे त्यांनी मी दुसऱ्या खोलीत असतानाच सांगितलं. तू इथे आहेस तोवर पहिली तालीम करीन म्हणते. कानात घालायला कापूस आणलास तरी रागावणार नाही, पण समोर बस.